परमुलखातील शिक्षिका आणि आपण देणारे लोक

अभ्यासपाठ
वाचन: निर्गम २:२१-२२, दानीएल १:८-१६, प्रेषितांची कृत्ये १८:२४-२८, १ करिंथकरांस ९:१९-२३



या तिमाहीचा पाठ मी एका कबुलीने सुरू करतो.

नांदगाव तालुक्यातील एका भिल्ल वस्तीवरची मुलगी आपल्या मदतीने डी.एड. झाली. तिच्या फीसाठी तुमच्यापैकी काहींनी दरमहा पैसे पाठवले. शिकून आल्यावर तिने वस्तीवरचा आपला अभ्यासवर्ग सांभाळायचा, असे ठरले होते. ती आली आणि जूनपासून तिने मन लावून शिकवलेही. दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. मुकादमाची उचल आधीच घेऊन झाली होती. बिऱ्हाडे ट्रकमध्ये चढली आणि त्यांच्याबरोबर मुलेही. दोन आठवड्यांनी ही मुलगीही वर्गाची किल्ली शेजारच्या आजीकडे ठेवून त्यांच्यामागे गेली. कारखान्याच्या तळावर मुलांना शिकवायचे, असे तिने मनाशी ठरवले होते. मला विचारले नाही.

मला राग आला. मी तिला मोबाईलवर लिहिले की संस्थेने तुझ्यावर एवढा खर्च केला, आता देणगीदारांना मी काय तोंड दाखवू? दुसऱ्या दिवशी तिचे उत्तर आले: "भाऊ, वर्गात २६ मुले होती. २१ इकडे आहेत. मी तिकडे कोणाला शिकवू?"

त्याच आठवड्यात पंडिता रमाबाईंवर पाठ लिहायला बसलो होतो. इंग्लंडमधील त्यांचा पत्रव्यवहार वाचताना मला वाटू लागले की हा पाठ आधी माझ्यासाठीच आहे.

१. ती रिकाम्या हाताने गेली नव्हती

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील आणि बहीण उपासमारीने गेली. भावाबरोबर पायी भटकत रमाबाई कलकत्त्याला पोहोचल्या आणि १८७८ मध्ये तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' म्हटले. पुढे भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होत नाहीत तोच १८८२ मध्ये पतीही गेले. पदरात मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. वैद्यकीचे शिक्षण घ्यावे हा हेतू होता. प्रवासखर्चासाठी त्यांनी 'स्त्रीधर्मनीति' हे आपले पुस्तक विकून पैसे उभे केले. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या भगिनीसंघाने त्यांना आसरा दिला. त्या मोबदल्यात हिंदुस्थानात येणाऱ्या भगिनींना मराठी शिकवायची, असे ठरले. म्हणजे रमाबाई तिथे पहिल्या दिवसापासून शिक्षिका होत्या. हे आपण विसरतो. मदत घेणारा माणूस आपल्याला फक्त घेणारा दिसतो. त्याच्या झोळीत काय आहे ते आपण पाहत नाही.

त्यांना ऐकू कमी येत असे, म्हणून वैद्यकीचा मार्ग बंद झाला. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांचा मनाचा तोल गेला आणि त्यांनी वाँटेजमध्येच आपले जीवन संपवले. अशा दुःखातच २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. पुढे १८८४ ते १८८६ या काळात त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजात स्वतः शिकल्या आणि तिथे संस्कृतही शिकवले.

मोशेने मिद्यानात पहिल्या मुलाचे नाव गेर्षोम ठेवले. त्या नावात परदेशात उपरा झाल्याचे दुःख आहे. परमुलखात राहणाऱ्या प्रत्येक सेवकाच्या घरी एक गेर्षोम असतो. रमाबाईंच्या घरीही होता.

२. ताटातला प्रश्न

बाप्तिस्मा झाला तरी रमाबाईंनी मांसाहार सुरू केला नाही. अंडे घातलेला गोड पदार्थही त्या खात नसत. बहीण जेराल्डीन ही त्यांची धर्ममाता. रमाबाई तिला प्रेमाने 'आजीबाई' म्हणत. आजीबाईंना या न खाण्यात जुन्या जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचे म्हणणे असे की ख्रिस्त मिळाला म्हणून माझ्या देशाच्या सगळ्या चांगल्या सवयी टाकायच्या, असे कुठे लिहिले आहे? क्रुसावर लॅटिन अक्षरे कोरण्याची प्रथा होती, तिथेही त्यांनी संस्कृतचा आग्रह धरला. आमच्या लोकांना दोन्ही भाषा सारख्याच अनोळखी असल्या तरी त्यातली एक त्यांच्या पूर्वजांची आहे, हा त्यांचा मुद्दा होता.

आता दानीएलाचा पहिला अध्याय पाहा. परक्या राजवाड्यात तो परकी विद्या शिकला, परकी भाषा शिकला, परके नावही सोसले. ताटाच्या बाबतीत मात्र त्याने नम्रपणे विनंती केली आणि दहा दिवस भाजीपाला व पाणी मागितले. विशेष म्हणजे कारभाऱ्याने ती मागणी ऐकली. त्या गोष्टीत दानीएलाचा विश्वास आपण नेहमी शिकवतो, पण तो कारभारी कधी शिकवत नाही. ज्याच्या हाती ताट आहे त्यानेही काही शिकायचे असते.

आपल्या वसतिगृहातही हे घडते. वस्तीवरून आलेल्या मुलांची बोली आपण हसून 'सुधारतो'. नागलीची भाकर मागितली की घरची आठवण येते का म्हणून थट्टा करतो. त्यात वाईट हेतू नसतो. वाँटेजच्या भगिनींचाही नव्हता.

३. कोणी कोणाला शिकवायचे

चेल्टनहॅमला असताना रमाबाईंनी तरुण पुरुषांनाही शिकवावे, अशी सूचना पुढे आली. तेव्हा मुंबई व लाहोर येथील बिशपांचे मत पडले की असे होऊ नये, हिंदुस्थानात त्याचा वाईट परिणाम होईल. रमाबाईंना याचे फार नवल वाटले. माझ्या वडिलांनी आणि नवऱ्याने जी गोष्ट अडवली नाही ती ख्रिस्ती मंडळीने अडवावी का, असा त्यांचा सवाल होता. त्यांच्या आईनेही विद्यार्थ्यांना शिकवले होते.

प्रेषितांच्या कृत्यांत अपुल्लोस हा मोठा वक्ता आणि शास्त्रात पारंगत. तरी प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. प्रिस्किल्लेचे नाव तिथे आधी येते. अपुल्लोसाने कमीपणा मानला नाही, म्हणून पुढे त्याचा मंडळीला फार उपयोग झाला. माझ्या वर्गातून शिकून गेलेली मुलगी मला शिकवू लागली तेव्हा मी अपुल्लोस झालो नाही. मी बिशप झालो.

४. देणाऱ्याचा हात

हा भाग लिहिताना मला अवघड जाते, कारण तुम्ही सगळे देणारे आहात आणि मी तुमच्याच दानावर काम करतो.

रमाबाईंनी सिद्धान्तांबद्दल प्रश्न विचारले. त्रैक्य, मंडळीचा अधिकार, प्रार्थनेची पद्धत, सगळ्याविषयी विचारले. आजीबाईंना त्यात उद्धटपणा दिसला, उपकाराची जाणीव दिसली नाही. रमाबाईंनी कळवले की बाप्तिस्मा घेताना मी माझी विवेकबुद्धी कोणाच्या स्वाधीन केलेली नाही. शब्द कठोर होते. पण त्याच पत्रांत प्रेमही आहे, काळजीही आहे, आजारपणाची विचारपूसही आहे. दोघींनी एकमेकींना सोडले नाही. बहीण जेराल्डीनने ती सगळी पत्रे, स्वतःला न आवडलेलीसुद्धा, जपून ठेवली, म्हणूनच १९७७ मध्ये ती पुस्तकरूपाने छापता आली. यासाठी मी त्या बहिणीला मानतो. आपली चूक दिसेल असे कागदही तिने फाडले नाहीत.

पौल म्हणतो की तो कोणाचा बांधलेला नसून सर्वांचा दास झाला. हे वचन आपण शिकवणाऱ्यांना लावतो. पैसे देणाऱ्यांनाही लावून पाहू या. ज्याला दिले तो आपला बांधलेला झाला असे मनात आले, की दान कर्ज होते. आणि कर्ज काय असते ते आपल्या वस्त्यांना कोणी शिकवायला नको. मुकादमही आधी पैसे देतो आणि मग माणूस कुठे जाईल ते ठरवतो. माझा तो संदेश मी पुन्हा वाचला तेव्हा त्यात मला मुकादमाची भाषा दिसली.

५. परत येताना त्यांनी काय आणले

१८८६ च्या मार्चमध्ये रमाबाई अमेरिकेत फिलाडेल्फियाला पोहोचल्या. आनंदीबाई जोशी ११ मार्चला डॉक्टर झाल्या, त्या समारंभाला त्या हजर होत्या. थोड्या दिवसांसाठी गेलेल्या बाई जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. त्या काळात त्यांनी बालवाडीची फ्रबेल पद्धत शिकून घेतली, गावोगाव व्याख्याने दिली, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले आणि त्याने दहा वर्षे मदतीचे वचन दिले. मनोरमेला मात्र काही काळ वाँटेजच्या भगिनींकडे ठेवावे लागले. सेवेची ही किंमत एका लहान मुलीनेही भरली, हे विसरू नये.

मायदेशी आल्यावर १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत मोठे पुस्तक लिहिले. तिथल्या स्त्रियांची शाळा-कॉलेजे, संस्था, कष्ट यांचे त्यांनी मनापासून कौतुक केले. पण त्या देशाच्या मूळ रहिवाशांवर गोऱ्यांनी केलेला अन्यायही त्यांनी झाकला नाही. यजमानाचे मीठ खाल्ले म्हणून त्याचा दोष गिळला नाही. आदिवासींमध्ये काम करणाऱ्या आपण सर्वांनी हे ध्यानात ठेवावे.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी सुमारे ३०० मुली-बायका आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन वाढले. मध्य प्रांतातून येणारी ती रेल्वे आपल्या नांदगाव स्टेशनावरूनच मनमाडकडे जाते. फलाटावर उभा असलो की कधी कधी तो डबा डोळ्यांसमोर येतो. लहानपणी दुष्काळात पायी चाललेली बाई दुष्काळातल्या मुलींना घ्यायला स्वतः गेली. जिथे मुली होत्या तिथे शिक्षिका गेली.

शेवटची वर्षे त्यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करण्यात घालवली. साध्या बायकांना समजावे, एवढीच त्यामागची तळमळ. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. परमुलखात जे शिकल्या ते त्यांनी घरच्या बोलीत आणून ठेवले.

६. तळावर

डिसेंबरात मी त्या कारखान्याच्या तळावर गेलो. पाचटाच्या कोप्यांमध्ये एका कोपीला तिने कापडी पडदा लावला होता, तीच शाळा. मोठी मुले पहाटे आईबापांबरोबर फडात वाढे गोळा करायला जातात, म्हणून वर्ग दुपारी भरतो. लहानग्या भावंडांना मांडीवर घेऊन मुली बेरीज शिकत होत्या. आपल्या वस्तीची २१ होती, दुसऱ्या टोळ्यांची १४ येऊन मिळाली होती. तिला पगार कोणी देत नव्हते. आईच्या चुलीवर जेवत होती.

मी तिची क्षमा मागितली. ती लाजली, मान खाली घालून म्हणाली, "भाऊ, येताना खडू आणले असते तर बरं झालं असतं."

मागील बैठकीत आपण ठरवले की हंगाम असेपर्यंत तिचे मानधन तळावरच पोहोचवायचे आणि वस्तीवर राहिलेल्या पाच मुलांना आपल्या मंडळीतील एक निवृत्त बाई शिकवतील. मुलांची हजेरी व परीक्षा गावच्या शाळेशी कशी जोडायची, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. तिचे नाव मी इथे देत नाही, तिनेच नको म्हटले.

चर्चेसाठी प्रश्न

१. दानीएलाच्या गोष्टीतील कारभारी तुमच्या घरी, मंडळीत किंवा संस्थेत कोण आहे? त्याने कोणाची विनंती ऐकायची राहिली आहे?
२. आपण मदत केलेल्या एखाद्याने आपल्या मनाविरुद्ध निर्णय घेतला तेव्हा आपल्याला दुःख झाले की अपमान वाटला? दोन्हींत फरक काय?
३. रमाबाई आणि बहीण जेराल्डीन यांनी मतभेद असूनही पत्रे थांबवली नाहीत. तुम्ही कोणाशी बोलणे थांबवले आहे?
४. तुमच्या मंडळीच्या हद्दीत ऊसतोडीसाठी, वीटभट्टीसाठी बाहेरून आलेली कुटुंबे कुठे उतरली आहेत? त्यांची मुले दिवसभर काय करतात? पुढच्या रविवारपूर्वी एकदा जाऊन पाहा.

प्रार्थना

हे प्रभू, तू स्वतः आमच्या मुलखात परका होऊन आलास आणि आमच्या बोलीत बोललास. परमुलखात शिकवणाऱ्या तुझ्या प्रत्येक लेकराला सांभाळ. आमच्या देण्यातून हुकूम काढून टाक, आमच्या शिकवण्यातून गर्व काढून टाक. तळावरच्या मुलांना थंडीपासून राख आणि त्यांच्या शिक्षिकेला बळ दे. येशूच्या नावाने मागतो, आमेन.