रोडग्यांचा बेत

रिठदसारख्या गावात मुलांना मैत्री काय शिकवायची, असं लोक म्हणतात. लहानपणापुरतं ते खरं आहे. अंगणातून हाक मारली की सवंगडी जमतात. पण सातवी-आठवीत मित्र दुसऱ्या वस्तीवरचा असतो, फोन बापाच्या खिशात आणि बाप वावरात. मग बेत आधी ठरवावा लागतो, आणि तो कसा ठरवायचा हे कोणत्याच पुस्तकात नसतं. शिकवता शिकवता मला जे उमगलं ते असं.

१. ‘कवातरी’ला वार विचारा. “जाऊ ना बाप्पा कवातरी रिसोडले!” असे बेत मधल्या सुट्टीत उगवतात आणि घंटेबरोबर विरतात. कोण, कुठं, किती वाजता, परत कधी आणि घरी कुणाला विचारायचं, एवढं तोंडानं बोलून घ्यायला लावतो. दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी असते, घरातला प्रत्येक हात वावरात लागतो. तेव्हाचा बेत मोडणारच. म्हणून “सोंगणी झाल्यावर” कुणी म्हटलं की विचारतो, कोणता रविवार?

२. पहिला बेत रोडग्यांचाच असावा. वऱ्हाडात रोडगे एकट्यानं होत नाहीत. पीठ, गोवऱ्या, वांगी, तुरीची डाळ, तूप आणि ज्याच्या वावरात बसायचं त्याच्या घरची परवानगी, हे सगळं वाटून घ्यावंच लागतं. मुलं आधी वर्गणी काढायला निघतात. मी अडवतो. दहा-वीस रुपये म्हटले की एखादं पोर गप्प होतं आणि त्या दिवशी त्याचं पोट हमखास दुखतं. जिन्नस म्हटले की ज्याच्याकडे काहीच नाही तोही म्हणतो, “गोवऱ्या मी आणतो, जाळ मी पाहतो.” रोडगे भाजताना जाळ पाहणाऱ्याला फार मान असतो, हे सांगायला नकोच. २०२४ पासून शाळांत पहिली ते आठवीला ‘आनंददायी शनिवार’ आला. असल्या बेताची तालीम करायला तो तास उत्तम. प्रत्यक्ष बेत मात्र मुलांचा मुलांनीच करावा. गुरुजी तिथं गेले की त्याची सहल होते.

३. नाव घेऊन बोलवायला शिकवा. “चला रे, कोण येतं?” हे धीट मुलांसाठीचं आमंत्रण. कडेला उभं राहणारं पोर स्वतःच्या नावाची वाट पाहत असतं. त्या पोरालाही एक गोष्ट शिकवतो: “मी येऊ का?” ऐवजी “मी काय आणू?” असं विचार. पहिल्याला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं.

४. आपल्याकडे ‘पाहू’ म्हणजे बहुतेक वेळा ‘नाही’. मोठ्यांना ते कळतं, मुलं मात्र वाट पाहत बसतात. “या आयतवारी नाही जमत, पुढच्या येतो,” हे वाक्य मी वर्गात मोठ्यानं म्हणवून घेतो. दुसऱ्यांदा विचारूनही ‘पाहू’च आलं, तर तिसऱ्यांदा विचारू नये, हेही सांगतो.

५. मुलींचं गणित वेगळं. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाईच्या निमित्तानं त्या महिनाभर घरोघर जातात. आज कुणाचं घर आधी, खाऊ कोण करणार, डबा वाजवून तो ओळखायचा कसा, सगळं त्याच ठरवतात. बेत आखणं त्यांना मुलांपेक्षा चांगलं येतं. वय वाढलं की अडतं ते परवानगीपाशी. मग आई विचारण्याआधीच उत्तरं द्यायची: सोबत कोण, कुणाच्या घरी, तिथं मोठं माणूस कोण, परत किती वाजता. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट झाल्यावर एखादी आई “मीच येतो संग” म्हणते. मुलींची तोंडं जरा पडतात, पण जाणं होतं. आणि ‘पाच वाजता’ म्हटलं तर पाचलाच घरी, नाहीतर पुढच्या वेळी मैत्रिणींचंही बाहेर जाणं बंद होतं. मुलांना हे प्रश्न घरी कुणी विचारत नाही. वर्गात मी त्यांनाही विचारतो. आधी हसतात, मग उत्तरं शोधतात.

६. येणं रद्द झालं तर निरोप द्यायचाच. फोन नसेल तर त्या वस्तीकडं जाणाऱ्या कुणाच्याही हाती. पीठ आणणाराच आला नाही आणि निरोपही नाही, तर बाकीचे नुसती वांगी भाजून खातात आणि सोमवारी त्याच्याशी कुणी बोलत नाही.