माशांच्या शास्त्रीय नावांतील मराठी

तापी नदी मुलताई येथे उगम पावते आणि खानदेशातून वाहत सुरतेस येते. तिच्या पाण्यात शिंगाळा नावाचा मोठा मासा सापडतो. अंगावर खवले नसलेल्या व तोंडाभोवती लांब मिशा असलेल्या अशा माशांस मार्जारमीन म्हणतात. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव ‘स्पेराटा सिंघाला’ असे आहे. परक्या भाषेतील हे नाव आपणांस ओळखीचे का वाटते, ते पाहू.

शास्त्रीय नावात दोन पदे असतात. पहिले वंशाचे, दुसरे जातीचे. प्राण्यांच्या नावांची ही पद्धत स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस यांच्या १७५८ सालच्या ग्रंथापासून मानली जाते. नव्या जातीचे वर्णन जो प्रथम प्रसिद्ध करतो, तोच तिचे नाव ठरवितो.

काही नावे गुणांवरून पडतात. ‘हेटेरोप्न्यूस्टेस फॉसिलिस’ यातील पहिल्या ग्रीक पदाचा अर्थ ‘निराळ्या रीतीने श्वास घेणारा’ आणि दुसऱ्या लॅटिन पदाचा ‘खणून काढलेला’. हा मासा कल्ल्यांखेरीज शरीरातील हवेच्या पिशव्यांनीही श्वसन करतो आणि डबके आटू लागले की चिखलात तग धरतो. काही नावे व्यक्तींच्या सन्मानार्थ दिली जातात. ‘बॅगेरियस यारेल्ली’ या नावात विल्यम यारेल या इंग्रज निसर्गअभ्यासकाचे स्मरण आहे.

तिसरा प्रकार लोकभाषेतील नावांचा. हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा बंगालीतील ‘रिटा’ हे नाव तसेच ठेवले. कर्नल साइक्स यांनी १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन करताना मराठी नावे स्वीकारली. शिंगाळ्याचे ‘सिंघाला’, शिंगटीचे ‘सींगटी’ व घोगऱ्याचे ‘गोग्रा’ झाले. पुढे १९५२ साली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी कृष्णेच्या खोऱ्यातील एका लहान मार्जारमीनाचे जातिनाम ‘खवलचोर’ असेच ठेवले. स्वतःच्या अंगावर खवला नसलेला हा मासा इतर माशांचे खवले ओरबाडून खातो!

अभ्यास वाढला की वंशनाम बदलते. साइक्स यांनी शिंगाळ्यास ‘प्लॅटिस्टोमा’ वंशात घातले. नंतर तो ‘मिस्टस’मध्ये गेला आणि आता ‘स्पेराटा’त आहे. खवलचोराचे ‘निओट्रोपियस’ जाऊन ‘पॅकिप्टेरस’ आले. परंतु ‘सिंघाला’ व ‘खवलचोर’ ही जातिनामे टिकून राहिली.

वर्णन करणाऱ्या विद्वानांची नावे ग्रंथांत नोंदली गेली. ज्यांच्या तोंडून हे शब्द आले, त्या मासेमारांची नावे मात्र त्यांत नाहीत. पण त्यांचे निरीक्षण किती सूक्ष्म होते, याची साक्ष ‘खवलचोर’ हा एकच शब्द देतो.

सुरतेतील कित्येक मराठी कुटुंबांचे मूळ गाव तापीच्याच खोऱ्यात आहे. घरातील वडीलधाऱ्यांना नदीतल्या माशांची नावे विचारावी आणि ती वहीत टिपून ठेवावी. ग्रंथांत पोचलेले शब्द राहतील. जे तेथवर पोचले नाहीत, ते बोलणाऱ्यांबरोबरच नाहीसे होतील.