जुना सिंथ घेताय? आधी बंद करायला लावा

कॉर्गचा एम-वन हा सिंथ 1988 साली आला. ऑर्केस्ट्रात मागच्या रांगेत कॅसिओ बडवणाऱ्या आमच्यासारख्यांना तो नुसता बघायला मिळाला तरी खूप होतं. त्यातला पियानो आणि ‘ऑर्गन टू’ पुढे जगभरच्या डान्स गाण्यांत वाजले. तेव्हा गिरगावात एक विकायला आहे म्हटल्यावर मी साताऱ्याहून एसटी पकडली, यात नवल काय?

मी पोचलो तेव्हा मशीन आधीच चालू होतं. पहिलाच टोन ‘युनिव्हर्स’. दोन्ही हातांनी कॉर्ड धरली आणि चाळीतली ती खोली अशी भरून गेली की शेजारची पोरं दारात जमली. तो आनंद खरा होता, तो माझ्याकडून कोणी काढून घेऊ शकत नाही.

विकणाऱ्या काकांना मी दोनदा म्हणालो, “काका, एकदा बंद करून चालू करता का?” त्यावर काका हसले. “अरे, जुनी मशीनं अशी सारखी बंद-चालू करायची नसतात. वीस वर्षं वाजवलंय, मला शिकवतोस?” वयाने मोठा माणूस, पुढे काय बोलणार? पैसे मोजून झाल्यावर मात्र काकांनी स्वतःच स्विच बंद केला आणि सिंथ चादरीत गुंडाळून दिला. केस नंतर पाठवतो म्हणाले.

घरी वायर लावली. स्क्रीनवर ‘बॅटरी लो’, टोनच्या नावांच्या जागी अगम्य अक्षरं, आणि आवाज म्हणाल तर मधूनच एखादी खरखर. बायको म्हणाली, “हाच का तो?”

झालं होतं ते असं. मूळ आवाजांचे नमुने चिपमध्ये कायमचे असतात, पण शंभर प्रोग्राम आणि शंभर कॉम्बिनेशन ज्या मेमरीत राहतात ती एका सीआर 2032 बॅटरीवर जगते. घड्याळवाल्याकडे मिळते तीच गोल बॅटरी. ती मेलेली असली तरी मशीन चालू आहे तोवर टोन टिकतात. म्हणजे काकांनी सकाळी टोन भरून ठेवले आणि माझी वाट बघत बसले. फोन केला तर म्हणे, “माझ्याकडे होता तोवर वाजत होता. तूच एसटीत आपटला असशील.”

तर मंडळी, मशीन आपल्यासमोर बंद करायला लावा, प्लग काढा, चहा प्या, मग चालू करा. मालक कुरकुरला तर उठा. बॅटरी बदलण्याआधी टोनचा बॅकअप घ्या. ती बोर्डाला सोल्डर केलेली असते, तेव्हा तिथे होल्डरच बसवून घ्या. टोन गेलेच असतील तर कंपनीचा मूळ डेटा मिडीवरून भरता येतो, फक्त ग्लोबलमध्ये जाऊन मेमरी प्रोटेक्ट काढा. माझे असेच परत आले. प्रत्येक पट्टी हळू दाबून बघा; हळू दाबूनही एखादी किंचाळली तर खालचे रबराचे कॉन्टॅक्ट मळलेत किंवा गेलेत. मागे 100 व्होल्ट लिहिलं असेल तर तो जपानातला. ट्रान्सफॉर्मरशिवाय आपल्या 230 ला लावलात तर जळेल. बाकी नेहमीचंच: जाणकार सोबत न्या, पावती घ्या.

आणि केस ठरली असेल तर ती हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका. माझी अजून गिरगावातच आहे.