सांध्याच्या अस्तरातील प्रतिपिंडे

प्रश्न : आईची बोटे सकाळी तासभर आखडतात, रक्तात ‘आरए फॅक्टर’ निघाला. मग दोष रक्तात की सांध्यात?
– एक वाचक, नांदगाव पेठ

उत्तर : दोष उभयत्र आहे, परंतु रक्ताच्या अहवालात दाखल झालेल्या प्रतिपिंडांपैकी काहींची पैदास पुष्कळ रुग्णांत सांध्यातच होते, कारण एरवी अत्यंत पातळ असणारे सांध्याचे अस्तर आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ‘आरए’) सुजून जाड होते, तेथे लिम्फोसाइट पेशींचे पुंजके ठाण मांडतात आणि त्यांतून निपजणाऱ्या प्लाझ्मा पेशी स्वकीय प्रथिनांविरुद्धच प्रतिपिंडे निर्माण करू लागतात. १९४० साली नॉर्वेच्या एरिक वालर यांनी वर्णिलेला ‘आरए फॅक्टर’ हेही असेच एक प्रतिपिंड, परंतु ते निरोगी माणसांतही क्वचित आढळते. सबब केवळ त्यावर फैसला करू नये, ‘अँटी-सीसीपी’ ही प्रतिपिंडांचीच दुसरी तपासणी अधिक निर्णायक. संधिवाततज्ज्ञांनी मेथोट्रेक्सेट हे औषध दिल्यास ते आठवड्यातून एकदाच घ्यावयाचे, रोज कदापि नव्हे.