वजन कोणत्या पायावर?

चाकणहून नाशिक रस्त्याला लागलं की तासाभरात नारायणगाव येतं. पाडव्याच्या सुमारास तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यायला येतात. मी एमआयडीसीत शिफ्ट करतो. सुट्टी मिळाली की जत्रेत बसून लावणी रेखाटतो. मोठ्या कॅनव्हासला हात घालण्याआधी तैलरंगात लहान अभ्यासचित्रं करतो. या चित्रांनी जे शिकवलं ते हे.

१. आधी पाय. पहिल्या अभ्यासात मी उंचावलेला हात आणि पदर जीव ओतून रंगवला होता. फडातल्या एका मावशींनी तो पाहिला आणि विचारलं, "दादा, ह्यात चाळ कुठल्या पायाची वाजतीया?" उत्तर चित्रात नव्हतं. तेव्हापासून भार कुठे पडलाय ते आधी ठरवतो. दाबलेल्या पायाच्या बाजूची कंबर वर चढते, नऊवारी तिथे सरळ लोंबते. मोकळ्या गुडघ्यावर मात्र काष्टा ताणला जातो. नाच त्या ताणात असतो.

२. चेहरा काढू नका. काढला की डोळा तिथेच अडकतो.

३. पुठ्ठ्याला आधी प्रायमर द्या, नाहीतर तो तेल पिऊन टाकतो. पहिला थर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट अंबरचा. या रंगात मँगनीज असल्यामुळे तो लवकर सुकतो, पुढच्या शिफ्टनंतर त्यावर काम करता येतं. तेलकट रंग नेहमी वरच्या थरात. उलटं केलं तर पुढे तडे जातात.

४. अभ्यास म्हणजे आठवण साठवणं. चित्रकार सार्जंटने १८७९ मध्ये स्पेनचा प्रवास केला आणि स्पॅनिश नर्तिकेचं 'एल हालेओ' हे चित्र १८८२ मध्ये पॅरिसला मांडलं. जवळजवळ बारा फूट रुंद चित्र, आज ते बॉस्टनच्या गार्डनर संग्रहालयात आहे. मधल्या काळात त्याने त्या नर्तिकेचे कितीतरी अभ्यास केले. मी ते चित्र छापील पाहिलंय. मागे झुकलेलं तिचं अंग, रंगमंचाच्या कडेच्या दिव्यांचा खालून येणारा उजेड, भिंतीवरच्या सावल्या. आपल्या फडावरही उजेड कुठून येतो ते त्याच रात्री टिपून ठेवा. घरच्या ट्यूबलाइटखाली तो आठवत नाही.

५. प्रश्न सुटला की ब्रश खाली ठेवा. अभ्यास सजवायचा नसतो.

६. फडावर बसण्याआधी फडमालकांना विचारा. आणि जिचा नाच काढलात, तिला चित्र पुरं होण्याआधी दाखवा.