दिसत नाही, पण जमते

कराटे ही जपानची कसरत. तिच्यात ठरलेल्या क्रमाने हात-पाय चालवतात. त्या क्रमाला काता म्हणतात. क्रम अंगात बसला, की डोळ्यांचे काम कमी होते.

आपला मल्लखांबही तसाच. आपल्या मेळघाटात साग उदंड. अशाच सागाचा खांब उभा पुरतात, त्याला एरंडेल लावतात आणि त्यावर कसरत करतात. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळातही तो शिकवतात. हे मंडळ १९१४ सालचे.

मुंबईत दादरला उदय देशपांडे गुरुजींनी अंध मुलींना मल्लखांब शिकवला. त्यांना जमले कसे? खांब जागचा हलत नाही. तो हाताला लागतो, पायाला लागतो. गुरुजी तोंडाने सांगतात, हात धरून जागा दाखवतात. हळूहळू तोल सांभाळता येतो, अंग बळकट होते, भीती जाते. २०२४ साली सरकारने गुरुजींना पद्मश्री दिली.

आपल्या घरी असे लेकरू असेल, तर त्याला कोपऱ्यात बसवून ठेवू नये. २०१६ चा कायदा सांगतो, सरकारी व सरकारमान्य शाळेने त्याला इतरांच्या बरोबरीने खेळू दिले पाहिजे. चला, धारणीच्या शाळेत जाऊ आणि गुरुजींना विचारू. हक्काचे मागायला लाज कसली?