सतवासचा चितू : इतिहासाच्या तासाला सांगण्याजोगी एक गोष्ट

इतिहासात सन आणि तह पाठ करावेच लागतात. परंतु मधल्या सुटीनंतरचा तास असला म्हणजे नुसत्या सनावळीने वर्ग जागा राहत नाही, हा आमचा प्रतिवर्षीचा अनुभव आहे. म्हणून पेंढाऱ्यांच्या बंदोबस्ताचा भाग आला की आम्ही चितूची हकिकत सांगतो.

मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तरेस, सतवास हे गाव आहे. नर्मदा आणि विंध्याद्री यांच्यामधल्या रानात दोनशे वर्षांपूर्वी चितू पेंढाऱ्याची छावणी असे. त्याचा मुक्काम कधी हंडियासमोरच्या नर्मदातीरी, तर कधी सतवासला पडे. पेंढारी हे मराठी फौजांबरोबर फिरणारे बिनपगारी स्वार. लुटीवरच त्यांची गुजराण होई. चितू लहानपणी दुष्काळात विकला गेला होता. एका पेंढाऱ्याने त्याला विकत घेऊन वाढविले, आणि तेच पोर पुढे हजारो स्वारांचे नायक झाले.

१८१७ साली गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांनी उत्तर व दक्षिण अशा दोन्ही दिशांनी पेंढाऱ्यांवर फौजा आणल्या. दुसरा पुढारी करीमखान १८१८ मध्ये शरण गेला व त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितूनेही बोलणे लावून पाहिले. परंतु इंग्रज त्याला दूर मुलखात नेऊन वसवू म्हणत, आणि ते त्याला मानवेना. आपल्याला समुद्रापार धाडतील, या धास्तीने त्याला ग्रासले होते. झोपेतही तो ‘काला पानी, काला पानी’ असे पुटपुटे, असे सर जॉन माल्कम यांनी नमूद केले आहे. अंदमानची वसाहत १८५८ सालची. चितूचे काळे पाणी म्हणजे केवळ समुद्र.

या ठिकाणी वर्गात हशा पिकतो. आमची मातृभाषा कोंकणी. समुद्राची गाज ऐकतच आम्ही लहानाचे मोठे झालो. पहिल्या वर्षी मुलांबरोबर आम्हीही हसलो.

पुढची हकिकत ऐकताना मात्र कोणी हसत नाही. नागपूरचे पदच्युत राजे आप्पासाहेब भोसले यांच्यासोबत चितू १८१९च्या आरंभी अशीरगडापाशी आला. पण गडात त्याला थारा मिळाला नाही. तो एकटाच रानात शिरला. पुढे रानाच्या कडेला त्याचा घोडा खोगिरासह चरताना सापडला. खोगिरात २५० रुपये, काही मुद्रेच्या अंगठ्या आणि आप्पासाहेबांची पत्रे होती. शोध करता रक्ताळलेले कपडे, मग हाडे आणि शेवटी ओळखू येण्याजोगे शिर मिळाले. वाघाने त्याला मारले होते. ते अवशेष त्याच्या मुलाच्या हवाली करण्यात आले.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने विचारले, “ही गोष्ट लिहिली कोणी?” आम्ही उत्तर दिले, “त्याचा पाठलाग करणाऱ्यांनी.” ती म्हणाली, “मग त्याला वाईट म्हणणारच!”

प्रश्न मार्मिक होता. पण उत्तर अपुरे राहिले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर दोन आकडे लिहिले : ३३९ आणि १८२. नेमावरच्या छावणीतून निघालेल्या टोळ्यांनी १८१६ साली गुंटूरच्या बाजूस बारा दिवसांत लुटलेली गावे ३३९ आणि ठार केलेली माणसे १८२. हे आकडेही इंग्रजांच्याच चौकशीतले; पण ती चौकशी गावोगाव झाली होती. लुटल्या गेलेल्यांचे म्हणणे आपल्यापर्यंत पोहोचले ते तेवढ्याच वाटेने. वर्ग बराच वेळ स्तब्ध होता. मग तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे त्याला हसायचेही नाही, आणि त्याला सोडायचेही नाही.”

शिक्षकबंधुभगिनींना आमची विनंती अशी की, त्यांनी ही गोष्ट अवश्य सांगावी. मात्र वाघाशी थांबू नये. फळ्यावर ते दोन आकडे लिहावेत, आणि त्यांशेजारी दुष्काळात विकल्या गेलेल्या मुलासाठीही थोडी जागा ठेवावी.

विद्यार्थ्यांसाठी अभ्यास : (१) नकाशात नेमावर, सतवास, अशीरगड व गुंटूर दाखवा. (२) तो घोडा चितूचाच होता, हे कोणत्या पुराव्यांवरून ठरले? (३) गुंटूरकडील एखाद्या शेतकऱ्याने ही हकिकत लिहिली असती, तर तिचा आरंभ कोठून झाला असता? घरी वडीलधाऱ्यांशी बोलून दहा ओळी लिहा.